आमची तांबी गवळ्याच्या आधी उंबरठ्यावर कशी येते? मांजरांच्या सवयींविषयी धागा

मंगळवारपेठकर (धागाकर्ता)

गेली सहा वर्षे मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी एक भाटी, म्हणजे मांजरी, आहे. तांबड्या रश्श्यावर जसा कट येतो तशा रंगाची तिची पाठ असल्यामुळे आईने तिचे नाव तांबी ठेवले. तिच्या बाकीच्या खोड्या चारचौघा मांजरांसारख्याच आहेत; परंतु एका सवयीचा उलगडा मला अजून झालेला नाही आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

आमच्याकडे रोज संध्याकाळी गवळी म्हशीचे दूध घालतो. त्याची वेळ पक्की नसते. कधी सव्वासहा होतात, कधी पावणेसात, आणि धार उशिरा काढली असेल तर त्याहूनही उशीर होतो. तरीही तो येण्याआधी साधारण दहा मिनिटे तांबी, ती माळ्यावर झोपलेली असो किंवा परड्यात, उठून पुढच्या दाराच्या उंबरठ्यावर येते, शेपटी पायांभोवती गुंडाळते आणि गल्लीच्या तोंडाकडे बघत बसते. गवळी आला की ती उठते, त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता आत जाते आणि स्वतःच्या वाटीपाशी थांबते.

पहिला तर्क अर्थातच गाडीच्या आवाजाचा होता. पण काही महिन्यांपूर्वी गवळ्याने जुनी मोटारसायकल विकून विजेवर चालणारी दुचाकी घेतली. ती दारात उभी राहिली तरी मला कळत नाही, आणि तांबीच्या वागण्यात मात्र एका दिवसाचाही फरक पडला नाही. दुसरा तर्क असा की तिच्या पोटातच घड्याळ आहे. परंतु चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेमुळे गवळी आठ वाजता आला, तेव्हा तांबीही पावणेआठ वाजून गेल्यावरच उंबरठ्यावर आली. मग हिला कळते तरी कसे?

ज्यांनी मांजर पाळले आहे त्यांनी आपापल्या मांजराच्या अशा सवयी येथे सविस्तर लिहाव्यात, आणि त्या सवयीमागचे कारण त्यांना काय वाटते तेही सांगावे. फक्त प्रत्येकाने स्वतः पाहिलेलेच लिहावे, एवढी विनंती आहे. मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींतली मांजरे आपण सगळ्यांनीच पाहिलेली आहेत.

रंकाळावेस

तांबीचे कोडे मला सुटणार नाही, पण आमच्या बोक्याविषयीची तक्रार नोंदवून ठेवतो. गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नासाठी पापाच्या तिकटीवरून चांगली करकरणारी कापशी चप्पल आणली. रात्री ती दाराशी काढून ठेवली आणि सकाळी पाहतो तर डाव्या चपलेच्या बरोबर मधोमध एक उंदीर आडवा मांडून ठेवलेला. घर लग्नाचे असल्यामुळे आमच्या सौभाग्यवतींनी त्याला 'आहेर' म्हटले आणि तो शब्द आता घरात रूढ झाला आहे. त्यानंतर दोन पाली, एक चिचुंद्री आणि एकदा नुसतेच एक पीस असा आहेर त्याच चपलेवर आलेला आहे. शेजारीच माझी रबरी स्लीपर असते, तिच्यावर मात्र त्याने आजवर काही ठेवलेले नाही. या महाशयांना चामड्याची पारख कोणी शिकवली असेल?

गुरांचा डॉक्टर

धागा आवडला. माझा दवाखाना मुख्यतः म्हशी-गाईंसाठी असला, तरी अलीकडे बाजाराच्या पिशवीत बसून येणाऱ्या मांजरांची संख्या बरीच वाढली आहे, त्यामुळे या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला असावा.

रंकाळावेस, आहेर हा शब्द गोड आहे, पण तो आपला आहे, बोक्याचा नव्हे. शिकार मिळाल्यावर ती उघड्यावर न खाता आपल्याला निर्धास्त वाटेल अशा जागी नेणे ही मांजराची मूळ वृत्ती आहे, आणि पाळीव मांजराला सर्वांत निर्धास्त जागा म्हणजे आपले घर वाटते. भाटी पिल्लांना शिकवताना आधी मेलेला उंदीर आणते, नंतर अर्धमेला आणि मग जिवंत, हेही खरे आहे. त्यावरून ती माणसालाही अडाणी पिल्लू समजून शिकवते असे पुष्कळ जण म्हणतात, परंतु बोक्यांच्या बाबतीत तरी हे म्हणणे मला ओढूनताणून आणलेले वाटते, कारण बोके पिल्लांच्या शिक्षणात फारसे लक्ष घालत नाहीत. आपले मांजर पोटभर जेवलेले असतानाही शिकार करते, यात नवल नाही. भूक आणि शिकारीची ओढ या दोन गोष्टी त्याच्यात बऱ्याचशा स्वतंत्र असतात.

चामड्याचे म्हणाल, तर चामडे हे शेवटी जनावराचे कातडे आहे आणि त्यात तुमच्या पायाचा वास रबरापेक्षा अधिक मुरतो. मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, कपाळावर आणि तळपायांवर गंधग्रंथी असतात. बोका तुमच्या पोटरीला गाल घासतो तेव्हा तो लाडही करत असेल, पण त्याच वेळी तुमच्यावर आपल्या गंधाचा शिक्काही मारत असतो. त्याच्या हिशेबाने तुमची चप्पल बहुधा केव्हाच त्याच्या मालकीची झालेली आहे.

शंकासुर

मी कुत्रा पाळणारा असल्यामुळे माझे मत बाजूला ठेवावे. कुत्रा दाराशी वाट पाहत बसला की त्याला निष्ठा म्हणतात आणि मांजर बसले की त्याचे कोडे होते, एवढेच नम्रपणे नोंदवतो.

गुळव्या

आमचे गुऱ्हाळ करवीर तालुक्यात आहे. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि पुढे चार-पाच महिने रात्रंदिवस चुलवण पेटलेले असते. गुऱ्हाळावर गुळाला तोंड न लावणारा प्राणी मी आजवर एकच पाहिला, तो म्हणजे मांजर. मुंग्या, गांधीलमाश्या, कुत्री, शेळ्या, पाहुण्यांची पोरे, सगळ्यांचा डोळा वाफ्यातल्या गरम गुळावर असतो. आमचे मांजर मात्र गुळाच्या रव्यावर, म्हणजे ढेपेवर, चढून बसते, खाली काय आहे याची चौकशीही करत नाही. एकदा मी बोटावर काकवी घेऊन तिच्या ओठांना लावली, तर तिने ती चाटून टाकली खरी, पण चेहरा असा केला की जणू मी तिला कागद चाटायला दिला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे तिला ऊब किती लागते याला काही सीमाच नाही. चुलवणाच्या तोंडाशी चिपाडे सारणारा गडी घामाने निथळत असतो आणि ही त्याच्यापासून हातभर अंतरावर राखेत अंग टाकून झोपलेली असते. दर हंगामात तिच्या एका बाजूच्या मिशा आखडून वाकड्या होतात. तिला उचलून बाहेर ठेवले तर पाच मिनिटांत ती पुन्हा तेथेच येते. डॉक्टरसाहेब, हिला चटका कळत नाही काय?

गुरांचा डॉक्टर

गुळव्या, तुमच्या मांजराला गुळाचा अपमान करायचा नाही, तिला तो गोड लागतच नाही. गोड चव ओळखणारा जिभेवरचा ग्राहक (रिसेप्टर) दोन जनुकांच्या जोडीने तयार होतो आणि मांजरकुळात त्यांपैकी एक जनुक निकामी झालेले आहे. फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २००५ मध्ये हे दाखवून दिले. वाघ आणि चित्ता यांच्यातही तोच दोष आढळला, म्हणजे मावशी आणि भाचा दोघेही गुळाच्या बाबतीत सारखेच कोरडे. एखादे मांजर बासुंदीवर किंवा आइस्क्रीमवर तुटून पडते तेव्हा त्याला त्यातली साय आणि स्निग्धता हवी असते, साखर नव्हे.

उबेचे उत्तर तिच्या मूळ गावात आहे. पाळीव मांजराचा पूर्वज हा पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या रखरखीत मुलखातला रानमांजर. अंगातील उष्णता राखण्यासाठी किंवा घालवण्यासाठी शरीराला वेगळे श्रम पडू नयेत असे तापमान मांजराच्या बाबतीत साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअस मानले जाते. आपण ज्या हवेत पंखा लावतो त्या हवेत ती कुठे सुखावायला लागते. शिवाय दाट केसांमुळे कातडीवरचा चटका तिला उशिराच जाणवतो, त्यामुळे मिशा आखडेपर्यंत ती हलत नाही. मिशा पुन्हा येतील, पण मधल्या काळात अरुंद जागेचा अंदाज घेताना तिची अडचण होते. चुलवणाच्या त्या बाजूला एखादी फळी आडवी लावता आली तर पाहा.

कुंभारगल्ली

आमच्याकडे उलटे आहे. आम्ही शाहूपुरीत गणपती करतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्रा तापला की आमची मनी शाडूच्या ओल्या ढिगावर जाऊन पसरते आणि संध्याकाळी पोटाला माती लावून स्वयंपाकघरात येते. गुळव्यांची मांजर आगीशी झोपते आणि आमची चिखलात, तेव्हा दोघींपैकी शहाणी कोणती ते डॉक्टरसाहेबांनीच ठरवावे.

पण तिची खरी आवड म्हणजे साचे. मूर्तीचा साचा दोन भागांचा असतो. पाठीचा भाग उताणा ठेवला की त्यात पोटाच्या जागी चांगला खोलगट वाडगा तयार होतो. त्यात मनी असे अंग बसवते की कान तेवढे काठाच्या वर दिसतात. मोठ्या साच्यात जागा ऐसपैस असते, तेथे ती जात नाही. तिला नेमका तो साचा हवा असतो ज्यात ती जेमतेम मावते. सासरे दर वर्षी तिला मऊ पोते अंथरून देतात आणि ती दर वर्षी पोत्याशेजारच्या साच्यात झोपते. गेल्या साली साच्यात भरायला माती घेऊन आलेल्या पोराने अंधारात न बघता पहिला गोळा थेट तिच्या अंगावर थापला. त्या दिवशी तिने घरातल्या प्रत्येकावर राग धरला, फक्त साच्यावर धरला नाही.

ओल्या मूर्तींवर तिच्या पायांचे ठसे उमटतात, ते आम्ही सकाळी पाण्याच्या कुंचल्याने पुसून काढतो. देवाच्या पाठीवर एखाददुसराच ठसा असतो. मूषकाच्या भोवतीची माती मात्र रोज तुडवलेली असते.

आजोळकागल

कुंभारगल्ली ताई, मूषकाचे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले.

माझ्या आजोळी, कागलला, आजी खोकल्यासाठी खोकलीचे झाड मुळासकट उपटून पडवीत वाळत घालायची. झाड वाळायला ठेवले की आळीतली मांजरे जमायची. मुळे चाटायची, चावायची, त्यांवर गाल घासायची आणि मग दारू प्यायल्यासारखी जमिनीवर लोळायची. आजी म्हणायची, "झाडाला न्हाई, त्येच्या वासाला भुलत्यात ती." तिचे एक मांजर मात्र या सगळ्याकडे तिऱ्हाइतासारखे पाहत बसायचे, त्याच्यावर काहीच परिणाम होत नसे. असे का?

जाता जाता आणखी एक. आमच्याकडे मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे म्हणतात. मी लहान असताना मोजली होती, आमच्या भाटीने चारच फिरवली. चौथे घर म्हणजे मामाच्या पेटीतला फेटा, आणि तेथून मात्र मामाही तिला हलवू शकला नाही.

गुरांचा डॉक्टर

आजीचे निरीक्षण पक्के होते. परदेशात कॅटनिप नावाची वनस्पती मांजरांना अशीच वेड लावते आणि आपल्याकडे खोकलीची मुळे तेच काम करतात. कॅटनिपमधल्या नेपेटालॅक्टोन या द्रव्याचा वास नाकात गेला की हा प्रकार सुरू होतो, दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो आणि मग काही काळ त्याच मांजराला त्याच वासाचे काहीही वाटत नाही. हा गुण आनुवंशिक असून साधारण दोन-तृतीयांश मांजरांमध्येच तो दिसतो, म्हणजे आजीचे ते तिऱ्हाईत मांजर उरलेल्या तृतीयांशातले असावे. अगदी लहान पिल्लांवरही परिणाम होत नाही. जपानी संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले की तिकडच्या अशाच एका वेलीच्या पानांवर अंग घासलेल्या मांजराला डास कमी चावतात. तेव्हा हे लोळणे म्हणजे निव्वळ नशापाणी नसून त्यात थोडा व्यवहारही आहे.

साच्याबद्दल. अंगाला चारही बाजूंनी काठ लागला की मांजराला आपली पाठ सुरक्षित वाटते, कारण ते शिकारी असले तरी आकाराने लहान आहे आणि त्याचीही शिकार होऊ शकते. नेदरलँड्समध्ये निवाऱ्यात नव्याने आणलेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपायला खोके दिले आणि काहींना दिले नाही. खोके मिळालेली मांजरे लवकर स्थिरावली. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०२१ च्या एका प्रयोगात तर जमिनीवर नुसता चौकोनाचा आभास होईल असे तुकडे मांडले, तरीही मांजरे त्या नसलेल्या चौकोनात जाऊन बसली. त्यांच्या मानाने मनीने खरा साचा धरला, हे तिचे शहाणपणच म्हणायला हवे.

चिखलाचे कारण सोपे आहे. मांजराला घाम येतो तो मुख्यतः तळपायांना. त्यामुळे चाळिशीकडे झुकणाऱ्या उन्हात त्याला अंग चाटून ओले करणे किंवा गार जमीन शोधणे एवढेच उपाय उरतात.

राजारामपुरीतली

विषय थोडा गंभीर करते, क्षमस्व. दिवाळीत फटाक्याला घाबरून आमचा बोका तिसऱ्या मजल्याच्या सज्जातून खाली पडला. चारही पायांवर पडला खरा, पण एक पाय मोडला. दवाखान्यात टेबलावर ठेवला तेव्हा तो चक्क घुरघुर करत होता. आम्हाला वाटले की याला काही विशेष झालेले नाही. मग पाय मोडलेला असताना हा आनंद कसला?

गुरांचा डॉक्टर

तो आनंद नव्हता. मांजर समाधानात घुरघुरते तसेच वेदनेत, भीतीत आणि कधी कधी मरणाच्या दारातही घुरघुरते. पिल्लू जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आईला बिलगून दूध पिता पिता घुरघुरू लागते, पुढे मांडीवर आल्यावर आपल्या पोटावर कणीक तिंबल्यासारखे पाय चालवते तेही त्याच वयातले. त्या दिवसांत तसे पाय चालवल्याने आईचे दूध सुटत असे. मोठेपणी कठीण प्रसंगी ते बाळपणीचा सूर का लावते, याबद्दल मते वेगवेगळी आहेत. पण घुरघुर ऐकून दुखणे नाही असे कधीही ठरवू नये.

पडण्याबद्दल सांगायचे तर हवेतल्या हवेत अंग वळवून पायांवर येण्याची त्याची हातोटी फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्येच छायाचित्रांच्या मालिकेत टिपली होती. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींवरून पडून दवाखान्यात आलेल्या १३२ मांजरांचा अहवाल १९८७ मध्ये आला, त्यात सुमारे ९० टक्के जगली होती. मात्र जी जागीच मेली ती दवाखान्यात आणलीच नसणार, हे तो आकडा वाचताना लक्षात ठेवावे आणि सज्जाला जाळी लावून घ्यावी.

याच निमित्ताने एक कळकळीची सूचना. दुखते आहे म्हणून मांजराला घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका, तिचा तुकडासुद्धा त्याच्या जिवावर बेततो, कारण ते औषध पचवण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात अपुरी असते. दर वर्षी अशी एखादी केस माझ्याकडे येते आणि देणाऱ्याने ती मायेपोटीच दिलेली असते.

शंकासुर

आमच्या शेजारच्या मांजराला हाक मारली की ते फक्त कान वळवते, येत नाही. बहिरे असावे असा माझा अंदाज होता. परंतु जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवल्याचे वाचले की मांजरांना त्याच वजनाच्या इतर शब्दांमधून स्वतःचे नाव वेगळे ओळखता येते. म्हणजे त्याला सगळे ऐकू येते आणि ते येत नाही, हा त्याचा निर्णय आहे. हे समजल्यापासून मला ते मांजर अधिकच आवडेनासे झाले आहे.

कुंभारगल्ली

तांबीच्या कोड्यावरून आठवले म्हणून लिहिते. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला पूर आला तेव्हा मनीची तीन पिल्ले आठवड्याभराची होती. पाणी आमच्या गल्लीत शिरण्याच्या आदल्या संध्याकाळी तिने एकेक पिल्लू मानेला धरून जिन्यावरून माळ्यावर नेले. शेजारीपाजारी अजूनही सांगतात की मांजराला पूर आधी कळला. मीही बरेच दिवस तसेच सांगत होते.

नंतर शांतपणे आठवले तेव्हा त्या दिवसाचा क्रम वेगळा निघाला. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीकडे चालल्याची बातमी ऐकून सासऱ्यांनी दुपारीच मूर्ती वर न्यायला सुरुवात केली होती. दोन वर्षांपूर्वीच्या पुराने आम्हाला शहाणे केले होते. चार तास घरातली सगळी माणसे एकेक गणपती छातीशी धरून जिना चढत होती. मनी जिन्याखाली पिल्लांना घेऊन हे पाहत होती. आमची निम्मी खेप झाल्यावर तिने आपली खेप सुरू केली. तिला नदीचे काय कळले ते मला माहीत नाही, पण आमचे नक्कीच कळले होते.

मंगळवारपेठकर (धागाकर्ता)

कुंभारगल्ली ताई, आपला प्रतिसाद वाचला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आतापर्यंत तांबी गवळ्याला कशी ओळखते याच विचारात होतो. ती आम्हाला ओळखत असेल हे मनातच आले नव्हते. गवळी उशिरा येणार हे यात्रेच्या आदल्या दिवशी आम्हाला माहीत होते, म्हणजे घरातल्या हालचालीही त्या दिवशी उशिराच झाल्या असणार. तेव्हा गेल्या आठवड्यात काही प्रयोग केले, ते क्रमाने सांगतो.

सोमवारी दुधाचे पातेले बाहेर काढलेच नाही. तांबी तरीही आली. मंगळवारी मी स्वतः सहापासून पुढच्या खोलीत हललो नाही, दारही लोटून ठेवले. तांबी आली आणि लोटलेल्या दाराला नाक लावून बसली. बुधवारी आईला विनंती केली की गवळी हाक मारेपर्यंत तू पोथी वाचत राहा, उठू नको. त्या दिवशी गवळी आला, त्याने दोनदा हाक मारली, आणि तांबी धान्याच्या कोठीवर अंगाचे वेटोळे करून पडलेली होती. गेल्या कित्येक वर्षांत असे प्रथमच घडले.

म्हणजे किल्ली आईपाशी आहे एवढे कळले. आता आई काय करते? ती सहाच्या सुमारास पोथी घेऊन बसते, दुधाची वेळ झाली असे वाटले की पोथी मिटते, चष्मा काढून डबीत ठेवते, गुडघ्यावर हात देऊन उठते आणि पातेल्याकडे जाते. गुरुवारी तिला हे सगळे करायला सांगितले, फक्त चष्मा डबीत न ठेवता कपाळावर सरकवायला सांगितला. तांबी आली नाही. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, कोणी काही करत नसताना, मी ती पत्र्याची डबी उघडून टक्‌कन मिटली. तांबी माळ्यावरून उतरली आणि उंबरठ्यावर जाऊन बसली.

आईचा चष्मा दिवसभर कपाळावर, उशीखाली किंवा देवघरात कुठेतरी असतो आणि आम्ही तो शोधत असतो. डबीत तो दिवसातून एकदाच जातो, संध्याकाळी पोथी मिटल्यावर. इतक्या वर्षांत ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नव्हती, आणि खुद्द आईच्याही नाही.

गुरांचा डॉक्टर

उत्तम. असे पद्धतशीर प्रयोग माझ्या शिक्षणाच्या काळात आमच्याकडूनही झाले नाहीत. मांजराला सेकंदाला ६० हजार कंपनांच्याही पुढचे बारीक आवाज ऐकू येतात, माणसाची मर्यादा २० हजारांवर संपते. तेव्हा माळ्यावरून एक डबी ऐकणे हे तिच्यासाठी काहीच नाही. विशेष हे आहे की तिने दिवसभरातल्या शेकडो आवाजांमधून नेमका तोच निवडला.

एक गालबोट लावतो. मोठ्या मांजराच्या पोटात दुधातली साखर पचवणारे विकर बरेच कमी झालेले असते, त्यामुळे म्हशीचे दूध वाटीभर देऊ नये. पोट बिघडत नसेल तर दोन चमचे चालतील, आणि शेजारी साध्या पाण्याची वाटी असू द्यावी.

रंकाळावेस

मांजर डोळे मिटून दूध पिते तेव्हा तिला वाटते की कोणी पाहत नाही, असे लहानपणापासून ऐकत आलो. येथे तर ती डोळे मिटून पडलेली असताना सगळ्या घराकडे कान लावून होती.

गुरांचा डॉक्टर

रंकाळावेस, पाऊण फुटाच्या आतले तिला तसेही नीट दिसत नाही, तेथे ती मिशांवर भिस्त ठेवते. वाटीत तोंड घातल्यावर डोळे उघडे काय आणि मिटलेले काय.

शंकासुर

मंगळवारपेठकर, एक शंका राहतेच. गवळ्याची वेळ रोज बदलते असे तुम्हीच लिहिले आहे. मग तो येण्याच्या नेमके दहा मिनिटे आधी पोथी मिटावी, हे तुमच्या मातोश्रींना कसे कळते?

मंगळवारपेठकर (धागाकर्ता)

शंकासुर, तुमची शंका मी तशीच आईला वाचून दाखवली. तिने पोथीतून मान वर केली, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाली, "त्यात काय कळायचं हाय? तांबी आळस देती की. मग मी पोथी मिटती."

यात्रेच्या दिवशी काय झाले होते तेही विचारले. त्या दिवशी तांबीने पावणेआठ वाजेपर्यंत आळस दिलाच नव्हता, असे तिचे म्हणणे आहे. येत्या सोमवारपासून तांबीवर लक्ष ठेवण्यासाठी मी माळ्यावर बसणार आहे.